आधी ओळखीचं, मग नवं

पातूरहून वाशीमकडे निघालं की गाव सुटतं न सुटतं तोच घाट लागतो. घाट चढून मेडशी, मालेगाव करत गाडी वाशीमला पोचते. आमच्याकडची माणसं या रस्त्यानं सोयरिकीला जातात, बाजाराला जातात, देवाला जातात. शाळेत मराठी शिकवायला लागल्यापासून मला मात्र हा रस्ता आणखी एका कारणासाठी जवळचा वाटत आला. वाक्यात शब्द कसे मांडायचे, कोणती गोष्ट आधी सांगायची आणि कोणती राखून ठेवायची, याचा आमच्या मुलखाचा लेखी इतिहास या रस्त्याच्या त्या टोकाला सुरू होतो. आमच्या पोरांना तो कुणी सांगत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

वाशीम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. चौथ्या शतकातल्या दुसऱ्या विंध्यशक्ती राजाचा ताम्रपट तिथं सापडला आणि वा. वि. मिराशींनी तो अभ्यासून प्रसिद्ध केला. राजाच्या कारकिर्दीच्या ३७ व्या वर्षी दिलेलं ते गावाचं दानपत्र आहे. त्याची भाषा दोन तऱ्हेची आहे. राजाचा वंश, त्याचे पूर्वज, त्यांचे यज्ञ हा भाग संस्कृतात. कोणतं गाव दिलं, कुणाला दिलं, त्या गावाला कोणत्या करांतून आणि कोणत्या त्रासांतून सूट मिळाली, हा भाग प्राकृतात. राजाचा बाप कोण नि आजा कोण, हे ऐकणाऱ्याला आधीपासून ठाऊक होतं. ते मानानं, दरबारी भाषेत, आधी येतं. जी गोष्ट त्या दिवसापासून नव्यानं लागू होणार होती, ती मागून आणि लोकांच्या बोलण्याजवळच्या भाषेत येते. ज्याला हुकूम पाळायचा त्याला तो कळला पाहिजे, एवढी साधी जाण त्या पत्र्यावर दिसते. आमच्या भागातला नवी खबर देण्याचा इतका जुना लेखी नमुना मला दुसरा माहीत नाही.

पुढं काव्यशास्त्र लिहिणाऱ्यांनी तर शब्द मांडण्याच्या एका पद्धतीला आमच्या मुलखाचंच नाव दिलं. दंडीनं इसवी सन ७०० च्या आसपास ‘काव्यादर्शा’त वैदर्भ आणि गौड असे दोन मार्ग सांगितले आणि दहा गुण हे वैदर्भ मार्गाचे प्राण म्हटले. त्यांत प्रसाद आहे, म्हणजे अर्थ चटकन ध्यानात येणं. अर्थव्यक्ती आहे, म्हणजे अर्थ पुरा करायला बाहेरून काही आणावं न लागणं. वामनानं नंतर रीतीलाच, म्हणजे शब्द मांडण्याच्या पद्धतीलाच, काव्याचा आत्मा मानलं आणि वैदर्भीला सगळ्या गुणांची म्हटलं. दहाव्या शतकाच्या सुमाराला राजशेखरानं ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न लावलं ते वत्सगुल्म नगरातच. पातूरच्या बसस्टँडवर वाशीमची गाडी लागते तेव्हा एखादीला तरी वाटावं की आपण त्या लग्नाच्या गावाला चाललो आहोत, अशी माझी फार इच्छा आहे.

ही गोष्ट काव्याची झाली. मला बोलायचं आहे साध्या गद्य वाक्याबद्दल, आणि त्यासाठी एक उदाहरण आधी मांडते.

“बाई दारात उभी आहे.” “दारात बाई उभी आहे.” शब्द तेच चार आहेत. पहिल्या वाक्यातली बाई आपल्या माहितीतली आहे. तिच्याबद्दल आधी काही बोलणं झालेलं आहे, आणि ती आता कुठं आहे एवढंच सांगायचं आहे. दुसऱ्या वाक्यातली बाई आत्ताच आली. दार आपलं ओळखीचं, बाई नवी. इंग्रजीत हा फरक नामाआधीची दोन चिमुकली उपपदं दाखवतात. मराठीत तशी उपपदं नाहीत, म्हणून ते काम जागा करते. ओळखीचं आधी ठेवायचं, आणि नवं असेल ते क्रियापदाच्या अगदी लगत आणून बसवायचं. खूण आणखी पक्की करायची असेल तर ‘एक’ जोडायचा: “दारात एक बाई उभी आहे.”

दुसरा नमुना घ्या. “बैल कुठं गेला?” असं विचारलं तर उत्तर येतं, “बैल नदीवर गेला.” “नदीवर कोण गेलं?” असं विचारलं तर “नदीवर बैल गेला.” दोन्ही उत्तरांत विचारलेली गोष्ट क्रियापदाला चिकटून आहे. पातूरच्या पाच वर्षांच्या पोराला विचारा, तो चुकणार नाही. आणि बैलाची वाट पाहून कंटाळलेला माणूस म्हणतो, “गेला एकदाचा बैल नदीवर.” त्याच्या मनात गेला की नाही हाच प्रश्न होता, म्हणून क्रियापद पुढं उडी मारतं आणि बाकीचे ओळखीचे शब्द मागून येतात. शाळेच्या व्याकरणात या तिन्ही वाक्यांचं पृथक्करण सारखंच होतं: बैल कर्ता, गेला क्रियापद, नदीवर स्थळ. पोराला शंभर टक्के गुण मिळतात आणि वाक्यं वेगळी का आहेत हे त्याला कुणी सांगत नाही. मो. के. दामल्यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली आलं. केशवसुतांच्या या भावानं केवढं कष्टाचं काम करून ठेवलं आहे! पण शाळेपर्यंत व्याकरणातलं जे उतरलं त्यात ‘आधी कर्ता, मग कर्म, शेवटी क्रियापद’ एवढा सांगाडाच उरला. ऐकणाऱ्याला काय माहीत आहे आणि काय नाही, या प्रश्नाला त्यात जागाच राहिली नाही.

आता रिद्धपूर. अमरावती जिल्ह्यात मोर्शी तालुक्यात हे गाव आहे. आमच्या पातूर तालुक्यातलं आलेगावही महानुभावांच्या तीर्थस्थानांत मोजतात, त्यामुळे त्या पंथाची काळी वस्त्रं आणि त्यांच्या पोथ्यांबद्दलचा आदर आम्हाला लहानपणापासून परिचयाचा. पंथाचे प्रवर्तक चक्रधर स्वामी निघून गेल्यावर नागदेव आणि बाकीचे शिष्य रिद्धपूरला स्वामींचे गुरू गोविंदप्रभू यांच्या सेवेत राहिले. स्वामींच्या आठवणी मनातून जाऊ नयेत म्हणून म्हाइंभटांनी त्या जमवायला घेतल्या, आणि शके १२०० च्या, म्हणजे इसवी सन १२७८ च्या सुमाराला ‘लीळाचरित्र’ उभं राहिलं. रिद्धपूरची वाजेश्वरी ही त्याची जागा सांगतात. मराठीतला हा पहिला मोठा गद्य ग्रंथ वऱ्हाडच्या मातीत लिहिला गेला. हे वाक्य शाळेतल्या पुस्तकात एका ओळीत येतं आणि पान उलटलं जातं. त्या ग्रंथातलं वाक्य कसं चालतं ते बघायला कुणी थांबत नाही.

मी थांबले, कारण ते वाक्य मला आमच्या आजीच्या बोलण्यासारखं वाटलं. आखूड. एका वाक्यात एक हालचाल. एखाद्या दिवशी स्वामी कुठं आहेत हे आधी येतं, मग कुणीतरी येतं, मग तो काय म्हणाला ते येतं, मग स्वामी काय म्हणाले ते. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे माणसं वाक्यात शिरतात कशी, ही. बाइसा, महदाइसा, भट, उपाध्ये यांची ओळख सांगण्याच्या भानगडीत म्हाइंभट पडत नाहीत. ज्यांच्यासाठी लिहायचं ते याच माणसांत वावरलेले होते. भट म्हणजे नागदेव, हे कुणी कुणाला सांगायचं? पण वाटेत भेटलेला एखादा वाणी, एखादा ब्राह्मण, पाण्याला आलेली एखादी बाई आली की तिथं ‘एकु’, ‘एकी’ येतं, आणि पुढच्याच वाक्यापासून तो ‘तो’ होतो, ती ‘ती’ होते. ऐकणाऱ्याच्या डोक्यात कोण आधीपासून बसलेलं आहे आणि कुणाला आत्ता बसायला जागा करून द्यायची आहे, याचा हिशेब ओळीओळीला चालू असतो. आणि तो हिशेब चुकत नाही.

त्यातला ‘तंव’ हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. चाललेल्या गोष्टीत अचानक काही नवं दिसलं की तो येतो. माणूस जातो, बघतो, तंव तिथं भलतंच काही असतं. पातूरला आजही कुणी सांगतं, “वावरात गेली. गेली तं बैल नाई!” आधीच्या वाक्याचं क्रियापद उचलायचं, त्याला ‘तं’ लावायचा, आणि ऐकणाऱ्याला तिथवर आणून सोडल्यावर बातमी द्यायची. हे दोन शब्द एकाच मुळाचे आहेत की नाहीत, हा वाद मला घालायचा नाही. काम एकच आहे, आणि ते काम या भागात साडेसातशे वर्षं चालू आहे.

म्हाइंभटांनी आठवणी जमवल्या त्या ज्यांनी प्रत्यक्ष पाहिलं-ऐकलं त्यांच्याकडून, आणि नागदेवांकडून त्या पडताळून घेतल्या. पुढं धाडीत मूळ पोथी गेली. तेव्हा शिष्यांनी ती आठवणीतून पुन्हा उभी केली, आणि एकाची आठवण दुसऱ्याशी जुळली नाही तिथं दोन्ही ठेवल्या, कुणाचा पाठ कोणता ते सांगून. महानुभाव त्याला ‘वासना’ म्हणतात. सांगणारा कोण, हे सांगितलेल्या गोष्टीला चिकटवून ठेवायचं ही शिस्त आमच्या बोलीतही आहे. पातूरची बाई म्हणते, “पानी येते म्हने.” शेवटच्या ‘म्हने’नं ती आपल्याला बजावते की मी हे ऐकलं आहे, पाहिलेलं नाही. आजच्या किती बातम्यांत ही एवढी प्रामाणिक खूण असते?

त्याच पंथातल्या केसोबासांनी चक्रधरांच्या बोलण्यातले दृष्टांत वेचून ‘दृष्टांतपाठ’ केला. त्यात ११४ दृष्टांत आहेत आणि प्रत्येकाची बैठक तीन भागांची: आधी सूत्र, मग दृष्टांत, मग दार्ष्टांतिक. सूत्र शिष्यांना पाठ होतं. त्यावर गोष्ट येते, आणि गोष्टीतला प्रत्येक धागा सूत्रात कुठं बसतो ते मागून उलगडतं. हत्ती चाचपणाऱ्या आंधळ्यांची गोष्ट यातलीच. वाक्यात जे घडतं तेच इथं अख्ख्या प्रकरणात घडलेलं आहे: ठाऊक असलेल्यावर पाय ठेवून नव्याकडे जायचं.

हे सगळं मराठीत का, याचं उत्तर ‘स्मृतिस्थळा’तल्या एका आठवणीत मिळतं. केसोबास संस्कृतात ग्रंथ करू बघत होते. ते पंडित होते, त्यांना ते सहज जमलं असतं. नागदेवांनी त्यांना अडवलं. संस्कृतात लिहिलंत तर आमच्या म्हाताऱ्या बायका नागवल्या जातील, असं त्यांचं म्हणणं होतं. मी हा प्रसंग वर्गात सांगत असे तेव्हा मागच्या बाकावरच्या मुलीसुद्धा मान वर करून ऐकत. लिहिताना कोण ऐकणार आहे हे आधी ठरवायचं आणि तो ऐकणारा वर्ग म्हाताऱ्या बायकांचा आहे असं एका पंथप्रमुखानं तेराव्या शतकात म्हणायचं, ही साधी गोष्ट नाही. मराठी गद्याचं वाक्य आखूड, स्वच्छ आणि ऐकणाऱ्याकडे तोंड करून उभं राहिलं ते या म्हाताऱ्यांमुळे, असं मी मानते.

मग हे वाक्य आपल्याला शाळेत का भेटलं नाही? इतिहासातली एक मोठी हानी इथं आहे. पंथानं आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत ठेवले. पोथ्या मठांत जपल्या गेल्या, पण बाहेरच्या मराठी जगाला त्यांचा पत्ता राहिला नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राजवाडे, भावे यांच्यासारख्यांच्या धडपडीतून त्या लिपीचं कुलूप निघालं. ह. ना. नेने यांनी १९३० च्या दशकात नागपुरात ‘लीळाचरित्रा’चे भाग छापायला घेतले. पुढं शं. गो. तुळपुळे यांनी आपली आवृत्ती काढली, आणि मलकापूरकडच्या नरवेलचे वि. भि. कोलते यांची जाडजूड आवृत्ती १९७८ साली आली. म्हणजे सहाशे वर्षं हे गद्य झाकलेलं होतं. आणि नेमक्या त्याच काळाच्या शेवटच्या तुकड्यात, एकोणिसाव्या शतकात, आजची पुस्तकी मराठी घडली.

ती घडण्याआधी लेखी मराठीचा मोठा भाग मोडीत होता. माझे आबाजी मोडी वाचत. घरच्या जुन्या रुमालातले कागद ते उलगडून बसत तेव्हा आम्हा पोरांना आश्चर्य वाटे ते या गोष्टीचं, की शब्द कुठं तुटतो हे त्यांना कळतं तरी कसं. ओळ आधी आखलेली, तिच्याखाली अक्षरं सलग, दोन शब्दांत अंतर नाही, पूर्णविराम नाही, स्वल्पविराम नाही. आबाजी सांगत की क्रियापद आलं की वाक्य संपलं. पत्राचा मायनाही तसाच मदतीला येई. आधी नमस्कार, मग इकडचं क्षेम, मग तिकडचं क्षेम कळवण्याची विनंती, आणि मग ‘विशेष’. हा शब्द दिसला की वाचणारा सावरून बसे, कारण खरी खबर आता येणार. ज्या लिपीत विरामचिन्हं नाहीत तिथं नवी गोष्ट हरवू नये म्हणून शब्दांच्या जागेवर आणि अशा खुणांवरच सगळी भिस्त होती.

विरामचिन्हं आली ती इंग्रजी राज्यात. थॉमस कँडी हे मोल्सवर्थच्या १८३१ च्या कोशाचे सहकारी आणि पुढं मुंबई सरकारच्या मराठी भाषांतरांचे कर्तेधर्ते. १८५० साली त्यांनी विरामचिन्हांवर पुस्तक लिहिलं. शाळेची पुस्तकं त्यांच्या नजरेखालून जात. त्यांचं मराठीवरचं प्रेम खरं होतं आणि मराठी छापील पानाला त्यांनी शिस्त लावली, हे मान्यच केलं पाहिजे. पण त्या शिस्तीबरोबर इंग्रजी वाक्याची ठेवणही आली. स्वल्पविरामांच्या आधारानं वाक्य लांबत गेलं. ‘करण्यात आले’, ‘सांगण्यात येते’ अशी कर्ता गिळून टाकणारी क्रियापदं कचेरीत स्थिरावली. १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आलं आणि शाळा-कचेऱ्यांबरोबर ही पुस्तकी मराठी आमच्याकडे पोचली. ‘लीळाचरित्र’ तेव्हा शंभर मैलांच्या आत मठांतल्या पेट्यांमध्ये होतं. ते त्या वेळी उघडं असतं, दादोबा पांडुरंगांना १८३६ चं व्याकरण लिहिताना, चिपळूणकरांना निबंध लिहिताना ते हाताशी असतं, तर शाळेच्या पुस्तकातलं वाक्य आज वेगळं चाललं असतं. हे माझं मत आहे आणि मी त्यावर ठाम आहे.

‘की’चंच बघा. “तो म्हणाला की पाऊस येणार.” “पाऊस येणार असं तो म्हणाला.” पहिली ठेवण फारसीच्या सहवासात मराठीत घट्ट झाली असं अभ्यासक मानतात, आणि इंग्रजीच्या भाषांतरांनी तिला आणखी बळ दिलं. तिच्यात सांगणारा आधी येतो. दुसऱ्या ठेवणीत सांगितलेली गोष्ट आधी येते आणि सांगणारा मागून. दोन्ही मराठीच आहेत, दोन्हींची गरज पडते. पण छापील मजकुरात पहिलीचंच राज्य झालं आणि दुसरी ‘बोलीतली’ म्हणून मागं सारली गेली. पातूरच्या पोरांच्या वह्यांत मी शेकडो वेळा पाहिलं आहे: पोरगं दुसऱ्या तऱ्हेनं लिहितं आणि तपासणारा लाल शाईनं ते पहिल्या तऱ्हेचं करतो.

बोलीची लेखी नोंद घेण्याचा मोठा उद्योग ग्रियर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणात झाला. मराठीचा सातवा खंड १९०५ साली निघाला आणि त्यात वऱ्हाडीचे नमुने आहेत. सगळ्या बोलींसाठी एकच गोष्ट ठरवलेली होती: बायबलातली उधळ्या मुलाची. ती निवडण्यामागं सोय होती, पण वाक्याचा विचार करणाऱ्याला तिच्यात आपसूक एक देणगी मिळाली. त्या गोष्टीच्या पहिल्याच वाक्यात एक अनोळखी माणूस आणि त्याचे दोन मुलगे ऐकणाऱ्यापुढं आणायचे असतात, तेही कोणतंही निमित्त नसताना. ही गोष्ट पातूरला कुणाला सांगायला लावली तर सुरुवात होईल, “एका मानसाले दोन पोरं होते.” ज्याची गोष्ट तो आधी, ‘एका’ची खूण लावून, पोरं ही नवी, म्हणून क्रियापदाशेजारी, आणि ‘होते’ शेवटी, कुणाला काही करायला न लावणारं. पुढच्या वाक्यात त्यातला धाकटा ‘लहाना’ होऊन पुढं येतो आणि गोष्ट चालू लागते. देशभरच्या बोलींनी हेच कोडं आपापल्या रीतीनं सोडवलेलं त्या खंडांत शेजारी शेजारी वाचायला मिळतं.

या इतिहासात एका माणसाचं नाव घेतलं नाही तर हा लेख अपुरा राहील. शेंडगावचे गाडगेबाबा. १८७६ ला जन्म, २० डिसेंबर १९५६ ला वलगावजवळ पेढी नदीच्या काठी देह ठेवला. त्यांनी शाळा पाहिली नव्हती. पण वाक्यात नवी गोष्ट कशी आणावी हे त्यांच्याइतकं जाणणारा वक्ता महाराष्ट्राला दुसरा मिळाला नसावा. त्यांचं कीर्तन प्रश्नांवर चाले. ते आधी लोकांना ठाऊक असलेलं काही विचारत. हजारोंचा जमाव एका आवाजात उत्तर देई. ते उत्तर आता सगळ्यांचं झालेलं असे, त्यात कुणाला शंका उरलेली नसे. मग बाबा त्या उत्तरालाच धरून पुढचा प्रश्न विचारत. अशा पाच-सहा पायऱ्यांनंतर जी गोष्ट येई, म्हणजे कर्ज काढून सण करू नका, देवापुढं बकरं कापू नका, पोरांना शाळेत घाला, ती नवी असूनही परकी वाटत नसे. ज्यांना ती कडू लागायची त्यांनीच आधीची सगळी उत्तरं स्वतःच्या तोंडानं दिलेली असत. मुंबईत वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात ८ नोव्हेंबर १९५६ ला त्यांनी केलेलं शेवटचं कीर्तन ध्वनिमुद्रित झालेलं आहे. ते विद्यार्थ्यांना ऐकवावं. त्यांनी त्यातल्या विचारांसाठी ऐकावंच, आणि एकदा फक्त एवढ्यासाठी ऐकावं की प्रत्येक वाक्यात जुनं किती आणि नवं किती आहे.

आमच्या बोलीत जागेशिवाय आणखीही साधनं आहेत. “म्या त तुले कालच सांगतलं होतं.” यात ‘त’ सांगतो की गोष्ट माझी आहे, मी माझ्यापुरतं बोलते आहे. ‘च’ सांगतो की भांडण कालवरून आहे. आवाज कुठं चढतो ते वेगळंच. आणि क्रियापदानंतरची जागा! “घेतली त्यानं गाडी, नवी.” इथं ‘नवी’ वाक्य संपल्यावर येतं आणि ऐकणाऱ्याला आणखी एक ठोका देऊन जातं. व्याकरणाच्या तासाला हे वाक्य चूक ठरतं. चौकात, ओट्यावर, बसमध्ये दिवसभर हेच चालतं. उद्धव शेळक्यांची ‘धग’ १९६० साली आली तेव्हा छापील मराठीला कळलं की या बोलीत अख्ख्या कुटुंबाचं दुःख पेलण्याची ताकद आहे. पण कादंबरीत बोली चालते आणि निबंधात चालत नाही, हा भेद अजून गेलेला नाही.

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. रिद्धपूरला राज्य सरकारचं मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं आहे. दोन्ही गोष्टींचा मला मनापासून आनंद आहे. त्या विद्यापीठाकडे माझं मागणं आहे. ‘लीळाचरित्रा’तल्या दहा-वीस लीळा शब्दांचा क्रम न मोडता, नुसते कठीण शब्द खाली समजावून, शाळेच्या पुस्तकात येऊ द्याव्यात. व्याकरणाच्या धड्यात ‘कर्ता कोण’ या प्रश्नाशेजारी ‘या वाक्यातलं नवं काय’ हा प्रश्न छापावा. आणि रिद्धपूर, आलेगाव, पातूर, बाळापूर, मेहकर या पट्ट्यातल्या म्हाताऱ्या माणसांकडून गोष्टी ऐकून त्या जशाच्या तशा साठवाव्यात. म्हाइंभटांनी जे केलं तेच, त्याच रिद्धपूरहून.

विद्यापीठाला वेळ लागेल. तोवर ज्यांच्या घरी ऐंशी-नव्वदीची आजी आहे त्यांनी थांबू नये. फोन तिच्यापुढं ठेवा, तिला तिच्या लग्नाची गोष्ट विचारा, दुष्काळाची विचारा, कापसाच्या गाडीची विचारा. मग ते सगळं लिहून काढा. लिहिताना तिचे ‘तं’ आणि ‘म्हने’ गाळू नका, आणि तिनं जो शब्द जिथं ठेवला तो तिथून हलवू नका.